गोदामात धूळ खात पडलेली जुनी ड्रॅग रेसिंग कार पुन्हा कशी जिवंत करतात?

असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. जुन्या शेडचं दार उघडतं, ताडपत्री बाजूला होते, आत चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेली गाडी दिसते. कुणीतरी टाकीत पेट्रोल ओततं, बॅटरी जोडतं आणि दोन-तीन प्रयत्नांत इंजिन धडधडायला लागतं. खाली हजारो लाइक्स.

प्रत्यक्षात असं करणं हा जुनी गाडी कायमची बिघडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. त्यातही ती गाडी ड्रॅग रेसिंगची असेल, म्हणजे केवळ चारशे मीटर सरळ रेषेत पळण्यासाठी बनवलेली असेल, तर चुकीचा पहिला स्टार्ट इंजिनाच्या आणि जवळ उभ्या माणसांच्याही जिवावर बेतू शकतो.

या गाड्या काय असतात, गोदामात का जातात, त्या परत कशा उभ्या करतात आणि आपल्याकडे शेडमध्ये जुनी गाडी सापडली तर काय करायचं, हे क्रमाने पाहू.

ड्रॅग रेस म्हणजे नेमकं काय?

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. शंकरपट पाहिला असेल तर ड्रॅग रेस अर्धी समजलीच. सरळ पट्टी, वळण नाही, ठरलेलं अंतर आणि सेकंदाच्या भागांत मोजलेली वेळ. बैलजोडीच्या जागी इंजिन ठेवा.

ड्रॅग रेसचं पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, इशारा मिळताच सुटतात, जी आधी पोहोचते ती जिंकते. पूर्वी झेंडा दाखवून गाड्या सोडत. १९६३ पासून अमेरिकेत त्यासाठी दिव्यांचा खांब आला, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात.

हा खेळ वाढला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. युद्धातून परतलेली तरुण मुलं जुन्या गाड्यांमध्ये मोठी इंजिनं बसवून रस्त्यावर शर्यती लावत. अपघात होऊ लागले, पोलीस मागे लागले. तेव्हा हा खेळ रस्त्यावरून उचलून मोकळ्या धावपट्ट्यांवर नेण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, ही संस्था काढली. ती आजही हा खेळ चालवते.

या गाड्या साध्या गाड्यांपेक्षा वेगळ्या कशा?

पन्नास-साठच्या दशकातला 'ड्रॅगस्टर' पाहिला तर ती गाडी कमी आणि चाकांवर ठेवलेली लोखंडी शिडी जास्त वाटते. लांबलचक पाइपांची चौकट, पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे प्रचंड रुंद टायर आणि मधोमध उघडं इंजिन. चालक इंजिनाच्या मागे, थेट मागच्या आसावर पाय टाकून बसायचा. गोफणीतल्या दगडासारखा तो टोकाला बसतो, म्हणून या रचनेला 'स्लिंगशॉट' नाव पडलं.

बऱ्याच गाड्यांना स्टार्टर नसायचा. दुसरी गाडी मागून ढकलायची, आपल्याकडे धक्का स्टार्ट करतात तसंच. शर्यत काही सेकंदांची, त्यामुळे अनेकांना रेडिएटरही नसायचा. ठिणगीसाठी बॅटरीऐवजी मॅग्नेटो वापरत.

इंजिनावर जो मोठा डबा बसवलेला दिसतो तो सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंप. त्यात सगळ्यात गाजलेला '६-७१' हा मुळात रेसिंगसाठी बनलेलाच नव्हता. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावर तो बसायचा. सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडर ७१ घन इंचाचा, म्हणून ६-७१. ट्रक-बसच्या भंगारातून हे पंप मिळत आणि पोरं ते रेसच्या इंजिनावर चढवत. जुगाड हा काही फक्त आपलाच गुण नाही.

इंधनाची गोष्ट याहून महत्त्वाची. वरच्या वर्गातल्या गाड्या पेट्रोलवर नव्हे तर नायट्रोमिथेनवर धावत. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला सुमारे १.७ किलो हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद दुपटीच्या पुढे जाते. डॉन गार्लिट्स यांनी १९६४ मध्ये अशाच गाडीतून ताशी २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरचा टप्पा अधिकृतपणे ओलांडला. तोही फक्त पाव मैलात.

मग एवढ्या भारी गाड्या गोदामात का गेल्या?

कारण त्या फार लवकर जुन्या झाल्या.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्स यांच्या गाडीचा ट्रान्समिशन फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. स्लिंगशॉट रचनेत इंजिन आणि ट्रान्समिशन चालकाच्या पुढ्यात असतं, काही फुटलं तर ते थेट अंगावर येतं. बरं झाल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बनवली आणि १९७१ मध्ये तिच्यावर मोठी स्पर्धा जिंकली. पुढच्या दोन-तीन वर्षांत वरच्या वर्गातून इंजिन पुढे असलेल्या गाड्या जवळपास संपल्या.

जुन्या गाडीला आता गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावर चालवता येत नाही, शर्यतीत टिकत नाही. इंजिन, सुपरचार्जर आणि मॅग्नेटो काढून विकले जायचे आणि उरलेली चौकट कुठल्यातरी शेडच्या आढ्याला टांगली जायची किंवा भंगारात जायची. म्हणूनच आज एखादी गाडी बऱ्यापैकी पूर्ण सापडली तर ती दुर्मीळ ठरते.

एक खरी गोष्ट : ॲलार्ड ड्रॅगस्टर

अमेरिकेबाहेरचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंग्लंडचं आहे. सिडनी ॲलार्ड हे लंडनमधले गाड्या बनवणारे उद्योजक. १९५२ साली त्यांनी स्वतःच्या कंपनीच्या गाडीत बसून मोंटे कार्लो रॅली जिंकली होती. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगने ते भारावले आणि १९६१ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात एक ड्रॅगस्टर बांधला. क्रायस्लरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर जीएमसीचा सुपरचार्जर. ब्रिटनमधला हा पहिला खरा ड्रॅगस्टर मानला जातो.

गाडी एकच होती आणि तिला पळायला पट्टीच नव्हती. ॲलार्ड यांनी खेळ उभा करण्यासाठी धडपड केली. १९६४ मध्ये अमेरिकी रेसर ब्रिटनला आले आणि तिथल्या धावपट्ट्यांवर शर्यती झाल्या. त्यांत गार्लिट्सही होते. १९६६ मध्ये महायुद्धातल्या एका जुन्या हवाई तळावर सँटा पॉड ही कायमची ड्रॅग पट्टी सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲलार्ड यांचं निधन झालं.

त्यांचा ड्रॅगस्टर पुढे ब्यूली इथल्या नॅशनल मोटर म्युझियमकडे गेला. तिथे तो जपला गेला, पण बंद अवस्थेत. या शतकात ड्रॅग रेसिंगच्या चाहत्यांनी एकत्र येऊन ही गाडी पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलं आणि तिचं इंजिन परत लोकांसमोर गरजलं. कोणत्याही एका श्रीमंत संग्राहकाने नव्हे, तर संग्रहालय, जुने जाणकार आणि हौशी मंडळी यांनी मिळून हे केलं. अशा कामात बहुतेक वेळा हेच घडतं, कारण एकट्या माणसाकडे सगळी माहिती नसते.

गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली की आत काय होतं?

वरून गाडी ठीक दिसते. बिघाड आत असतो.

• इंधन : पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर उरतो. तो कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बंद करतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात किंवा तडकतात.

• सिलिंडर : पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. यालाच आपले मिस्त्री 'इंजिन जाम झालंय' म्हणतात.

• ऑइल : सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. बेअरिंग कोरडे पडतात. पहिल्या काही सेकंदांत कोरडं धातू धातूवर घासलं की नुकसान झालंच.

• ब्रेक : ब्रेक ऑइल ओल शोषून घेतं. सिलिंडर आतून गंजतो, पिस्टन अडकतो.

• वायरिंग : उंदीर. यापेक्षा जास्त सांगायला नको.

• टायर : नक्षी नवी दिसली तरी रबर कडक होऊन भेगाळतं. असे टायर वेग घेतल्यावर फुटतात.

ड्रॅग कारमध्ये आणखी दोन शत्रू असतात. एक म्हणजे इंधनाचे अवशेष. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन इंजिनात तसंच राहिलं तर ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात, म्हणून शेवटच्या शर्यतीनंतर इंजिन धुतलं होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. दुसरं मॅग्नेशियम. वजन वाचवायला चाकं आणि कव्हर मॅग्नेशियमची करत. हा धातू दमट हवेत पांढरी भुकटी होऊन झडतो आणि त्याचा बारीक चुरा पेटला तर पाणी टाकून विझत नाही, उलट भडकतो. त्यामुळे अशा भागांवर ग्राइंडर चालवणं धोक्याचं.

पहिला नियम : स्टार्ट करायची घाई नको

अनुभवी लोक गाडी सापडल्यावर पहिल्या दिवशी तिला हातही लावत नाहीत. ते फोटो काढतात. गाडी जशी आहे तशी, प्रत्येक कोपऱ्याचा, प्रत्येक नटबोल्टचा. कोणती वायर कुठून जाते, कोणता पाइप कुठे वळतो, हे नंतर आठवत नाही. एकेकट्या बनवलेल्या गाडीचं मॅन्युअल नसतं, तेव्हा हे फोटोच मॅन्युअल.

त्यानंतर साधारण हा क्रम असतो :

१. जुनं इंधन, ऑइल आणि ब्रेक ऑइल काढून टाकणं. ऑइलमध्ये धातूचा चुरा किंवा पाणी दिसतं का, ते पाहणं.

२. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल सोडणं आणि काही दिवस वाट पाहणं. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून आत गंज किती आहे, ते पाहता येतं.

३. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहणं. थोडं पुढे, थोडं मागे. अडलं तर जोर लावायचा नाही, आणखी वाट पाहायची. इथे जोर लावला की रिंग तुटते किंवा व्हॉल्व्ह वाकतो.

४. इंजिन मोकळं फिरलं तरी लगेच चालू करायचं नाही. आधी ऑइल पंप बाहेरून फिरवून सगळ्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचवायचं.

५. इंधनाची टाकी, पाइप, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन पूर्ण साफ करायचं. शंका असलेला प्रत्येक रबरी पाइप बदलायचा.

६. ब्रेक तयार झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे.

रेसिंग इंजिनाच्या बाबतीत बहुतेक जण एवढ्यावर थांबत नाहीत. इंजिन पूर्ण खोलतात, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड तपासून घेतात आणि मगच पुन्हा बांधतात. साधं इंजिन बिघडलं तर बंद पडतं. सुपरचार्जर लावलेलं इंजिन बिघडलं तर त्याचे तुकडे उडू शकतात.

चौकटीचीही तपासणी होते. पाइप बाहेरून रंगवलेले असतात, आतून गंजलेले असू शकतात. अल्ट्रासाउंडच्या यंत्राने पाइपची जाडी मोजतात. वेल्डिंगच्या जोडावर रंगीत द्रव लावून पुसतात. बारीक भेग असेल तर तिच्यात द्रव राहतो आणि नंतर रेघ उमटते. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून तिथली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

ही तीच गाडी, हे कसं ओळखायचं?

साध्या गाडीला चासी नंबर आणि आरसी असते. ड्रॅगस्टरला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. शिवाय एकाच गाडीत दर मोसमाला इंजिन बदललेलं, चौकट लांबवलेली, रंग पाचदा चढवलेला.

मग पुरावा म्हणजे जुने फोटो. वेल्डिंगची पद्धत, ब्रॅकेटची जागा, बुजवलेली भोकं हे सगळं फोटोशी ताडून पाहतात. रंग हलक्या हाताने घासला की खालचे थर एकेक करून दिसतात आणि त्यातून गाडीचा इतिहास वाचता येतो.

म्हणूनच जुनी गाडी मिळताच ती चकचकीत रंगवून घेणं ही मोठी चूक ठरते. रंगाखाली दडलेला पुरावा एकदा सँडपेपरने गेला की परत येत नाही. हल्ली अनेक संग्राहक मूळ, ओरखडे असलेल्या रंगाला नव्या रंगापेक्षा जास्त किंमत देतात. नवा रंग कधीही देता येतो, जुना एकदाच असतो.

सुरू झाली, पण पळवायची का?

बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. साठच्या दशकातली चौकट आजच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नाही. तिला नियमांत बसवायचं तर नवे पाइप जोडावे लागतात आणि मग ती जुनी गाडी राहत नाही.

यावर चाहत्यांनी मधला मार्ग काढला. अमेरिकेत 'कॅकलफेस्ट' भरतात. जुने ड्रॅगस्टर धक्का स्टार्टने सुरू करतात आणि रांगेत उभे करून जागेवरच इंजिन चालू ठेवतात. धुराड्यांतून ज्वाळा निघतात, नायट्रोच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, जमीन हादरते. शर्यत होत नाही, पण आवाज तोच. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या गाडीतून हा आवाज कधीच कळत नाही आणि गाडीही सुरक्षित राहते.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीचे ड्रॅगस्टर बनवण्याची परंपरा नाही. पण ड्रॅग रेस आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची स्पर्धा भरत आली आहे आणि तिथे गाड्या-मोटरसायकली सरळ रेषेत वेळ लावून पळतात. चेन्नईजवळचं शोलावरम हीसुद्धा महायुद्धातली धावपट्टी आणि भारतातल्या मोटर शर्यतींचं जुनं केंद्र.

जुन्या गाड्या जपण्याची परंपरा मात्र महाराष्ट्रात भक्कम आहे. मुंबईत व्हिंटेज गाड्यांच्या रॅली निघतात. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची १९३६ ची मेबॅक शाही दसऱ्याला अजूनही रस्त्यावर येते. आणि एकुलत्या एक बनलेल्या गाड्यांचं म्हणाल तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य माणसासाठी बनवलेली 'मीरा' ही छोटी कार आठवावी लागते. नमुने तयार झाले, रस्त्यावर धावले, पण ती बाजारात कधी आली नाही. अशा गाडीचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. ड्रॅगस्टरचं दुखणंही नेमकं हेच.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यातले मुख्य मुद्दे :

• पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.
• नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये. नोंदणी १० वर्षांसाठी असते.
• नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात.
• अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

ड्रॅगस्टर यात बसत नाही, कारण ती रस्त्यावरची गाडी नाहीच. तिला ट्रेलरवरूनच न्यावं लागतं.

आणि परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडले गेलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुमच्या शेडमध्ये जुनी गाडी असेल तर?

येलदरी, जिंतूर, परभणी या भागात ड्रॅगस्टर सापडणार नाही. पण आजोबांची जीप, राजदूत, येझदी, ॲम्बेसेडर किंवा पहिला ट्रॅक्टर गोठ्याच्या बाजूला उभा असू शकतो. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यालाही लागू आहे.

• भंगारवाल्याला देण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर टिपून घ्या, फोटो काढा.
• घरातली जुनी कागदपत्रं शोधा. आरसी, विम्याची पावती, टॅक्सचं कार्ड, काहीही. कागद असलेली आणि नसलेली गाडी यांच्या किमतीत मोठा फरक पडतो.
• गाडी किती वर्षांची आहे, त्यानुसार आरटीओत चौकशी करा. परभणी जिल्ह्याचा क्रमांक एमएच २२.
• लगेच सुरू करता येणार नसेल तर निदान जुनं पेट्रोल काढा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा, गाडी विटांवर उचलून ठेवा आणि वर हवा खेळेल असं आच्छादन घाला. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली तर पावसाळ्यात आत दमटपणा साठतो आणि गंज वाढतो.
• गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना भेटा. कार्ब्युरेटर आणि पॉइंट जुळवता येणारी पिढी आता कमी होत चालली आहे. त्यांच्याकडून शिकून घेण्याची वेळ हीच आहे.

गंजलेला भाग लेथवर नवा बनवता येतो, टायर विकत मिळतात. ती गाडी कुणी, कशी आणि का बनवली किंवा वापरली, हे सांगणारा माणूस मात्र दुकानात मिळत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी त्या माणसाशी बोला आणि ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.